उजवा कौल

एका वाडीत आंब्याची कलमं बांधणारे बापू राहत होते. वेंगुर्ल्याहून सावंतवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून ती वाडी जरा आत, ओहोळाच्या काठाने होती. तरुणपणी बापूंनी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात काही पावसाळे रोजंदारीवर काम केलं होतं. हे केंद्र 1957 साली सुरू झालं; रत्ना आणि सिंधू या आंब्याच्या जाती तिथल्याच. तिथे बापूंचा हात बसला आणि पुढे त्यांनी घरामागच्या तुकड्यात स्वतःची रोपवाटिका काढली.

कोय कलमाचं काम पावसाळ्यातलं. रायवळ आंब्याच्या कोयी गादीवाफ्यावर रुजत घालायच्या. काही दिवसांत तांबूस, लुसलुशीत पानांचा कोंब वर येतो. तो कोवळा असतानाच वरून छाटायचा, मधोमध चीर द्यायची आणि जातिवंत झाडाची वीतभर काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. खालचं मूळ रायवळाचं, वरचा डोळा हापूसचा. जोड जमला तर दोन-तीन आठवड्यांत काडीला फूट येते, नाही जमला तर काडी काळी पडते. बापूंच्या हातची फार थोडी काळी पडत.

पण बापूंचं नाव झालं ते खुणेमुळे. प्रत्येक कलमाला ते पत्र्याचा बारीक तुकडा तारेने बांधत आणि त्यावर खिळ्याने जातीचं नाव टोचत: हापूस, केसर, रत्ना, सिंधू. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण कधी वरची काडी मरते आणि खालच्या खुंटालाच फूट येते. रोप हिरवंगार दिसतं, तरारतं, आणि ते असतं रायवळ. त्याला हापूसची खूण बांधून विकलं तर सामान्य गिऱ्हाइकाला पानावरून काही उमगत नाही. फळ धरेपर्यंत थांबावं लागतं. 2018 साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नावाला जास्त मोल आलं आणि खोट्या नावालाही. बापू मात्र रोज सकाळी वाफ्यांतून फिरत, खुंटाला फूट आलेली रोपं बाजूला काढत आणि त्यांना 'रायवळ' अशीच खूण बांधत. एकाही कलमाला त्यांनी जाणूनबुजून चुकीचं नाव बांधलं नव्हतं.

बापूंना दोन मुली. थोरली कुडाळला एका दवाखान्यात परिचारिका, धाकटी कॉलेजात. मृगाचा पाऊस नुकताच सुरू झाला होता, बापू ओट्यावर काड्या तासत बसले होते, तेव्हा थोरली शेजारी येऊन बसली आणि तिने सांगून टाकलं. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारा एक मुलगा होता, माणदेशातला, जातीने वेगळा. तिला त्याच्याशी लग्न करायचं होतं.

बापूंच्या हातातला चाकू थांबला नाही. ते एवढंच म्हणाले, "बरां, बघूया."

आपल्या घरांत 'बघूया' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. नाही म्हणायचं आहे, पण नाही म्हणाल्याचा दोष अंगावर घ्यायचा नाही, तेव्हा माणूस बघूया म्हणतो. थोरलीला मात्र त्या दिवशी तो होकारासारखा वाटला. ती आत जाऊन आईला म्हणाली, बाबा रागावले नाहीत.

मग बघणं सुरू झालं. पंधरा दिवसांत मोबाइलवर पहिलं स्थळ आलं, मालवणचं. नंतर कणकवलीचं, मग मुंबईत नोकरी असलेलं एक. फोटो आला की बापू तो थोरलीला दाखवत नसत. ते धाकटीला दाखवत, थोरली तिथेच असताना. आई रात्री जेवायची थांबली. विचारलं तर म्हणायची, भूक नाही. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आधी फडताळात असायच्या, त्या आता देवघराच्या कट्ट्यावर सगळ्यांना दिसतील अशा ठेवलेल्या असत. चवथीला मुंबईहून मामा आले. आरत्या झाल्या, उकडीचे मोदक झाले, आणि पाचव्या दिवशी विसर्जन करून आल्यावर मामा थोरलीजवळ बसून म्हणाले, तुझ्यामागून धाकटी आहे, तिला कोण करून घेईल याचा तू विचार केलास का? धाकटी दाराआड उभी होती. तिला कोणी विचारलं नव्हतं.

यातलं काहीही ओरडून झालं नाही. कोणी हात उगारला नाही, कोणी कोंडून ठेवलं नाही. बापू तर वारंवार म्हणत, आमचा काही आग्रह नाही, तुझं तू ठरव. हे वाक्य ऐकताना त्या मुलीच्या छातीवर किती ओझं पडत असेल, ते घरातल्या कोणाला जाणवत नव्हतं, की जाणवत होतं म्हणूनच ते पुन्हा पुन्हा बोललं जात होतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

मामा शहाणे होते. त्यांनी बापूंना बाजूला घेऊन बजावलं होतं, मुलगी सज्ञान आहे, जबरदस्ती करू नका, गोत्यात याल. फक्त मन वळवा. मामांचं म्हणणं कायद्याला धरूनच होतं. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनीच्या खटल्यात स्पष्ट केलं, की दोन सज्ञान माणसांनी लग्न करायचं ठरवलं तर कुटुंबाची किंवा जमातीची संमती लागत नाही. असा निकाल लागतो, कारण आपल्या देशात, आपल्या राज्यातही, या कारणावरून पोटच्या पोरांचे जीव घेतले गेले आहेत. पण बहुतेक घरांत काठी निघत नाही. तिथे मन वळवण्याचं काम चालतं, न जेवलेल्या ताटांनी, दिसेल अशा ठेवलेल्या गोळ्यांनी, अर्धवट सांगितलेल्या गोष्टींनी. तिथे कुठलंही न्यायालय पोचत नाही. तिथे आईबापांनाच स्वतःकडे बघावं लागतं.

आईबापांनी बोलूच नये, असं मी म्हणत नाही. त्यांनी जग पाहिलेलं असतं, चार संसार मोडताना पाहिलेले असतात. प्रेमात पडलेल्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते त्यांना दिसू शकतं. तो मुलगा दारू पितो का, डोक्यावर कर्ज किती, त्याच्या घरात बाईमाणसाशी कसं बोलतात, लग्नानंतर मुलीची नोकरी राहील की नाही, हे विचारायचा त्यांना हक्क आहे, आणि ते त्यांचं कामही आहे. पण मृगापासून कार्तिकापर्यंत त्या घरात त्या मुलाबद्दल यातला एकही प्रश्न कोणी विचारला नाही. त्याला कोणी पाहिलंही नव्हतं. कोकणात भेट कलम बांधतात, त्यात कुंडीतलं रोप उचलून मोठ्या झाडाच्या फांदीपर्यंत न्यावं लागतं, दोघांना शेजारी उभं करावं लागतं. बापूंनी अशी किती कलमं बांधली होती. पण त्या मुलाला त्यांनी आपल्या ओट्यापर्यंत येऊ दिलं नाही.

थोरली तरीही बधत नव्हती. रडत होती, पण मागे सरत नव्हती. शेवटी कार्तिकात आई म्हणाली, देवीला विचारूया. थोरलीही हो म्हणाली. लहानपणापासून ती सातेरीच्या देवळात जात आली होती, परीक्षेला जाण्याआधी ओटी भरत आली होती. देवीचा कौल आला तर तिला चालणार होता, मग तो कुठलाही असो.

कौल लावला त्या दिवशी तिची दवाखान्यात ड्युटी होती. देवळात बापू, आई आणि गुरव तिघंच. गुरवाने पाषाणाला पाण्याने फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या, हात जोडून गाऱ्हाणं घातलं, बापूंनी आणि आईने व्हय म्हाराजा म्हटलं. थोरलीने जे मनात धरलं आहे ते व्हावं अशी इच्छा असेल तर उजवी पाकळी दे, नसेल तर डावी दे. तिघंही टक लावून बसले. बराच वेळ काही हललं नाही. मग एक पाकळी सुटली आणि खाली पडली.

ती उजवीकडची होती.

पाण्याने चिकटवलेली पाकळी वाळली की पडणारच, कोणती आधी पडेल त्यात देवीचा काय हात, असं म्हणणारी माणसं आहेत. मी त्या वादात शिरत नाही. ती मुलगी कौल मानत होती, आणि बापूही मानत होते. मानत होते म्हणून तर देवळातून घरापर्यंतच्या वाटेवर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. गुरवाला ते एवढंच म्हणाले होते, घरात मी सांगतो.

संध्याकाळी थोरली कामावरून आली ती खळ्यातच थांबली. तिने आईकडे पाहिलं, आईने बापूंकडे पाहिलं.

बापू म्हणाले, "डावो इलो."

ती काही बोलली नाही. पायही न धुता आत गेली. त्या रात्री तिने त्या मुलाला फोन केला आणि सगळं संपवलं. महिन्याभराने मुंबईच्या स्थळाला ती हो म्हणाली. बापूंनी मन वळवलं होतं. मामांनी मुंबईहून पेढे पाठवले. साखरपुडा अक्षय तृतीयेला ठरला.

तृतीयेला आठ दिवस होते तेव्हाची गोष्ट. बापू दुपारी ओट्यावर बसले होते. सावंतवाडीकडचे एक निवृत्त मास्तर कलमांच्या चौकशीला आले. हातात पिशवी होती. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून चार आंबे काढून बापूंसमोर ठेवले.

"बापू, हे काय आहे सांगा."

बापूंनी एक उचलून वास घेतला. म्हणाले, "रायवळ."

"हापूस म्हणून घेतली होती कलमं," मास्तर म्हणाले. "दुसरीकडून. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा चाळीस लावली. पाच वर्षं डोक्यावरून पाणी वाहिलं. गवत काढलं, कुंपण केलं, माकडं हाकलली. यंदा पहिल्यांदा फळ धरलं." थोडा वेळ ते आंब्यांकडे बघत राहिले. "मी रायवळाला नावं ठेवत नाही, बापू. रायवळ चोखूनच मी मोठा झालो. त्या माणसाने तेव्हा सरळ सांगितलं असतं, की मास्तर, हापूस मेला, हे खालच्या खुंटाचं आहे, तर कदाचित मी तेही नेलं असतं. कदाचित नसतं नेलं. पण ते मी ठरवलं असतं ना? आता मी अडुसष्ट वर्षांचा आहे. पाच वर्षं कुठून आणू?"

बापूंनी उत्तर दिलं नाही. मास्तरांना वीस कलमं हवी होती. बापू वाफ्यात गेले, कलमं निवडायला लागले आणि प्रत्येक कलमाची खूण उलटसुलट करून बघत राहिले. हापूस. हापूस. हापूस. सगळ्या खुणा बरोबर होत्या. मास्तर म्हणाले, अहो, तुमच्याकडचं मी डोळे मिटून नेतो. त्यावर बापू मटकन खाली बसले. मास्तरांना वाटलं, उन्हाने झालं असेल.

रात्री बापूंना झोप लागली नाही. आईलाही नाही. देवळातून आल्यापासून दोघांनी त्या पाकळीचं नाव काढलं नव्हतं. अंधारात आई म्हणाली, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. बापू म्हणाले, खोटं मी बोललो. आई म्हणाली, मी ऐकून घेतलं. एवढंच बोलणं झालं.

सकाळी थोरली रजेवर घरी होती. साखरपुड्याची साडी इस्त्रीला टाकायची होती. बापू तिला मागे वाफ्यांपाशी घेऊन गेले. त्यांनी काही प्रस्तावना केली नाही.

"बाय, कौल उजवो इल्लो. मी तुका खोटा सांगलंय."

तिने आधी नीट ऐकलंच नाही, असं वाटलं. मग तिने जवळच्या कलमाचा तारेचा फास बोटाने फिरवायला सुरुवात केली, एकदा, दोनदा. बापू बोलत राहिले. पहिल्या दिवशी ओट्यावर जे सांगायला हवं होतं, ते त्यांनी त्या सकाळी सांगितलं. तू घाट चढून गेलीस तर आमच्या म्हातारपणी दारात कोण उभं राहील, याची धास्ती होती. वाडीतली माणसं आपल्याकडे हळदीकुंकवाला यायची थांबतील, धाकटीचं जुळणार नाही, याची भीती होती. आणि जात. हा शब्द उच्चारताना त्यांची मान खाली गेली, पण त्यांनी तो उच्चारला. माणूस वाईट आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण माणूस मी पाहिलाच नाही, असंही ते म्हणाले. "माका भ्या वाटता बाय, अजूनय वाटता."

थोरली म्हणाली, "मगे बाबा, तू माका ह्या तेव्हाच कित्या नाय सांगलंस?"

याला बापूंकडे उत्तर नव्हतं. भीती सांगितली असती तर मुलगी तिच्यावर बोलली असती, तिने वाद घातला असता, वाट काढली असती, किंवा वाट नाही हे पाहून स्वतः मागे फिरली असती. गोळ्यांच्या पाकिटाशी ती काय वाद घालणार होती? खाली पडलेल्या पाकळीशी काय बोलणार होती?

अकरा दिवस ती बापूंशी बोलली नाही. तेवढ्यात साखरपुडा मोडला. तो मोडायला बापू स्वतः मुंबईला गेले, त्या मुलाच्या आईवडिलांसमोर बसले आणि दोष माझा आहे, पोरीचा नाही, असं सांगून आले. ती माणसंही दुखावली गेली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. एका खोट्याने किती घरांचं नुकसान केलं, ते बापूंना त्या बैठकीत समोर दिसलं. मामांनी बोलणं सोडलं.

माणदेशातला मुलगा तोवर साताऱ्याकडे बदली करून गेला होता. थोरलीने फोन केला तर तो पहिले कितीतरी दिवस उचलत नव्हता. पाकळीवर सोडून दिलेल्या माणसाने का उचलावा? बापू म्हणाले, मी बोलू का त्याच्याशी? ती म्हणाली, आता तू मधे पडू नको. बापू मधे पडले नाहीत. आजवर कधी गप्प राहणं त्यांना एवढं जड गेलं नव्हतं. मुलगी रात्री खळ्यात फेऱ्या मारायची आणि बापू आत जागे असायचे. आईने पुन्हा जेवायला सुरुवात केली होती आणि गोळ्या फडताळात परत गेल्या होत्या.

पाऊस सुरू झाल्यावर तो मुलगा आला. त्याच ओट्यावर बसला. बापूंनी विचारायचं ते सगळं विचारलं. कर्जाचं विचारलं, घरातल्यांचं विचारलं, हिच्या नोकरीचं विचारलं. आपल्याला काय पटत नाही तेही त्याच्या तोंडावर सांगितलं, थोरली समोर बसलेली असताना. त्याने काही उत्तरं चांगली दिली. घरच्या कर्जाचं उत्तर त्याला नीट देता आलं नाही, आणि तेही थोरलीने ऐकलं. त्यावर ती दोघं पुढे काय बोलली, ते बापूंना माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही.

वर्षभराने दोघांनी ठरवलं. विधी नको होता, खर्च नको होता, म्हणून 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोंदणी करायची असं ठरलं. त्या कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि तीस दिवस थांबावं लागतं. त्या तीस दिवसांत मामांचा फोन आला, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच. म्हणाले, अजून वेळ आहे, हरकत घेता येते. बापूंनी ते आधीच वाचून ठेवलं होतं. वय पुरेसं नसेल, आधीचं लग्न असेल, निषिद्ध नातं असेल, तर हरकत चालते. बापाला पसंत नाही ही हरकत त्या कायद्यात नाही, असं त्यांनी मामांना सांगितलं.

कोणी विचारतं, मग त्यांचं बरं चाललंय ना? चाललंय तसं चाललंय. भांडतात, बोलतात, सुट्टीला येतात. मास्तरांची नवी वीस कलमं रुजली आहेत, त्यांनाही अजून फळ धरायला वेळ आहे.

बापूंना तो जावई आजही पुरता पटलेला नाही. घाट फार लांब आहे असं त्यांना वाटतं, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी ते मुलीला पुन्हा एकदा सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं, आणि दोघं एकाच रिक्षातून नोंदणी कार्यालयात गेले. तिथे तीन साक्षीदार लागतात. त्यातली पहिली सही बापूंची आहे.